‘रोज नाचते ना मॅडम, मग वेगळा व्यायाम कशाला?’
भरतनाट्यम शिकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यांचं प्रकरण

गेल्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सातवीतली एक मुलगी आईसोबत माझ्याकडे आली. पाच वर्षांपासून भरतनाट्यम शिकते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रवेशिका पूर्ण’ ही परीक्षा द्यायची, त्याची तयारी जोरात चालू होती. तक्रार दोन्ही गुडघ्यांची, चार महिन्यांची, उजवा जास्त. महिनाभरापासून उजव्या नडगीची आतली कडही दुखत होती. जिना उतरताना, शाळेत जमिनीवर बराच वेळ बसून उठताना आणि क्लासमध्ये अरमंडीत (पावलं बाहेर वळवून, गुडघे वाकवून अर्धं बसण्याच्या स्थितीत) बसल्यावर वीसेक मिनिटांनी कळ सुरू व्हायची. आई सगळं सांगत होती. मुलगी माझ्या हातातल्या फाइलकडे बघत होती. शेवटी तिने एकच विचारलं, “डान्स बंद करायला सांगणार का?”

तसं आधी एकदा सांगून झालं होतं. एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड ठीक आहे म्हणाले, दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि नाच थांबवा म्हणाले. घरी आज्जीचं निदान वेगळं होतं: “पोरगी वाढायलीय, म्हणून दुखायलंय. तेल लावून चोळा.” क्लासच्या ताईंना वाटत होतं की अरमंडी नीट बसली की दुखणं आपोआप जाईल. आणि आईने विचारलेला प्रश्न मी इतक्या पालकांकडून ऐकलाय की तोच या लेखाचा मथळा केला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि लहानपणी सात वर्षं मीही अडवू, म्हणजे या नाचातले पायाभूत पदन्यास, केलेत. नाच शिकवणं हे एक काम आणि तो नाच पेलेल असं शरीर घडवणं हे दुसरं काम, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे पहिलं काम गुरू जीव ओतून करतात, दुसरं कुणाच्याच वाट्याला दिलेलं नसतं. ही मुलगी त्या मोकळ्या जागेत सापडली होती. पालकांच्या संमतीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील गाळलेत.

आधी काय नाही ते पाहिलं

वाढत्या वयातल्या मुलाने गुडघा दुखतो म्हटलं की मी आधी खुबा तपासते. खुब्यातलं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. या वयात मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या कूर्चेवरून (हाडाच्या टोकाजवळच्या, अजून पक्क्या न झालेल्या मऊ थरावरून) घसरण्याचा एक आजार असतो. तो गुडघेदुखीच्या नावाखाली महिनोन्‌महिने तसाच राहून जातो आणि उशीर झाला तर खुबा कायमचा बिघडतो. मांडी पोटाकडे दुमडताना पाय आपोआप बाहेर वळत असेल, खुबा आतल्या बाजूला फिरत नसेल, मूल लंगडत असेल, तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. हिचे खुबे मोकळे होते. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नव्हतं, ताप नव्हता, सांध्याला सूज नव्हती, सकाळी उठल्यावर सांधे आखडत नव्हते.

नडगी बोटाने इंच-इंच चाचपली. दुखरा भाग एका टिकलीएवढ्या जागी असता तर हाडाला बारीक तडा जातोय का, ही शंका पहिली आली असती. हिचं दुखणं चार बोटं लांबीच्या पट्ट्यात पसरलेलं होतं. तरी आईला सांगून ठेवलं, की असा तडा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत दिसतच नाही. दुखणं एका जागी गोळा झालं किंवा नुसतं चालतानाही टोचायला लागलं तर लगेच या.

आज्जी पूर्ण चुकीच्या नव्हत्या. पण ज्याला आपण वाढीचं दुखणं म्हणतो ते संध्याकाळी-रात्री येतं, दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्यांत येतं, सकाळी मूल उड्या मारत शाळेत जातं. ते नाचल्यावर वाढत नाही आणि बोटाने दाबून दाखवता येत नाही. इथे तर मी उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवर दाबलं आणि ती दचकली. तिथे छोटा उंचवटाही आला होता. मांडीच्या पुढच्या स्नायूचा कंडरा वाटीवरून येऊन नडगीच्या हाडाला ज्या ठिकाणी चिकटतो, तिथे या वयात पक्कं हाड नसतं, वाढीची कूर्चा असते. स्नायू वारंवार ओढत राहिला की ती जागा चिडते. १९०३ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ऑसगुड यांनी आणि झुरिकच्या कार्ल श्लॅटर यांनी हे एकमेकांपासून स्वतंत्रपणे नोंदवलं, म्हणून ऑसगुड-श्लॅटर हे नाव. त्याशिवाय दोन्ही बाजूंना वाटीभोवतीचं दुखणं, आणि उजव्या नडगीच्या आतल्या कडेची जळजळ. कागदावर तीन निदानं झाली, पण तिन्हींचं मूळ एकच असणार हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

माझी चूक

मी दोन आठवडे पूर्ण विश्रांती दिली. बर्फ, पाय सरळ ठेवून उचलायचा व्यायाम, बस. दहापैकी सहावर असलेलं दुखणं एकवर आलं. सगळे खूश. पाठोपाठ गणपती आले. मंडळाच्या कार्यक्रमात चार मुलींचा नाच होता, गच्चीवर सलग चार दिवस तालीम झाली, मग मांडवात कार्यक्रम. सप्टेंबरच्या मध्याला ती परत आली तेव्हा दुखणं सातवर होतं आणि ती माझ्याकडचा जिना आडवी होऊन, एकेक पाय टेकत उतरली.

यात मुलीचा दोष नव्हता आणि आईचाही. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, असा अर्थ कुणीही काढेल. तो काढू नका असं मी सांगितलंच नव्हतं. विश्रांतीने चिडलेली जागा शांत झाली होती, तिची सोसण्याची ताकद वाढली नव्हती. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे मी हा गुडघा फक्त टेबलावर पाहिला होता. ती नाचते कशी, कुठे नाचते, किती नाचते, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मी ताईंना फोन केला आणि क्लासला येऊन बसू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, “या की. पण मुलींना व्यायामाच्या नावाने नाचापासून तोडू नका.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती.

क्लासमध्ये

जुन्या घराचा तळमजला, लांबट हॉल, खाली शहाबादी फरशी. सोलापुरातल्या निम्म्या जुन्या घरांत ती आहे. उन्हाळ्यात थंड राहते, वर्षानुवर्षं टिकते, आणि नाचणाऱ्याच्या टाचेखाली कणभरही दबत नाही. वीस-बावीस मुली, अनवाणी. नमस्कार झाला, ताईंची काठी लाकडी ठोकळ्यावर पडली आणि तट्टाडवू, म्हणजे सपाट तळवा जमिनीवर मारायचे अडवू, सुरू झाले: तै या तै.

माझी मुलगी दुसऱ्या रांगेत होती. (आता ती मला माझीच वाटते, तसंच लिहिते.) ती आधी उभ्यानेच पावलं बाहेर फिरवून जमिनीवर घट्ट रोवायची आणि मग गुडघे वाकवायची. खाली जाताना गुडघे पावलांच्या रेषेतून सुटून आत झुकायचे आणि तळव्याची आतली कमान जमिनीला टेकायची. काठी थांबायची, “अजून खाली बस.” ती अजून खाली बसायची. गुडघे अजून आत.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा जमिनीवर खडूने तिच्या पावलांच्या रेषा आखल्या. अरमंडीत दोन्ही पावलांमधला कोन १५० अंश भरला. मग पालथं झोपवून खुबे किती बाहेर वळतात ते मोजलं: उजवा ४० अंश, डावा ४४. दोन्ही मिळून ८४. नडगीच्या हाडाला स्वतःचा थोडा बाहेरचा पीळ असतो, तो दोन्ही बाजूंचा उदारपणे धरला तरी तीसेक अंश उरतात. ते खुब्यातून येत नव्हते, म्हणून गुडघ्याच्या पिळातून आणि तळव्याच्या कोसळण्यातून येत होते. वाकलेला गुडघा थोडा पिळला जातो, शरीर ती सोय देतं. पण त्याच पिळात जमिनीवर पाय आपटायचा, आठवड्याचे सातही दिवस, तेव्हा वाटी एका कडेला ओढली जाते, कंडरा तिरका ताणला जातो आणि कमान सावरणारे पोटरीतले स्नायू नडगीची आतली कड ओढत राहतात. तीन दुखण्यांचं एक मूळ ते हे.

तिचे खुबे आतल्या बाजूला मात्र ६० अंश वळत होते. मांडीच्या हाडाची मान ज्या कोनात घडलेली असते त्यावर हे बरंच अवलंबून असतं. अशा मुलीला मांडी घालून गुडघ्यांवर दाब देऊन ‘मोकळं’ करायला जाणं धोक्याचं आहे. तिथे स्नायू आडवा येत नाही, हाडाची घडण आडवी येते.

या कोनांची भाषा मला बॅलेने शिकवली. नृत्यवैद्यकातलं बहुतेक संशोधन बॅलेवर झालंय. तिथे पाय बाहेर वळवण्याच्या या स्थितीला टर्नआउट म्हणतात, आणि ती खुब्यातून यावी, जमिनीच्या घर्षणाने पावलं वळवून आणू नये, हा धडा तिथले शिक्षक व वैद्य कधीपासून देत आलेत. १९९० मध्ये नृत्यवैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिल्यावर किशोरवयीन नर्तकांची वाढ, पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचायला कधी सुरुवात करावी, वर्गाबाहेरचा ताकदीचा व्यायाम, हे विषय नियमाने चर्चेत आले. पण बॅलेतले निष्कर्ष आपल्या मुलींवर जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. बॅले वर जातो: टाचा उचलणं, उड्या, पायाच्या बोटांच्या टोकांवर तोलणं, त्यामुळे तिथे घोट्याच्या मागची आणि अंगठ्याच्या कंडऱ्याची दुखणी जास्त. पायात जोडे असतात, चांगल्या शाळांत खाली किंचित दबणारी लाकडी जमीन असते. भरतनाट्यम खाली राहतो. अर्धं बसून मिनिटामागून मिनिटं काढायची आणि अनवाणी, पूर्ण तळवा जमिनीवर हाणायचा. गुडघा, टाच, कंबर यांच्यावरचा भार वेगळ्या जातीचा आहे. खुब्याचा नियम तेवढा दोन्हीकडे एकच.

त्या दिवशी क्लासमध्ये मी आणखी एक गोष्ट केली. वहीत रेघा मारत तिच्या उजव्या पायाचे ठोके मोजले. पहिल्या अर्ध्या तासात ६४०. तिसऱ्या काळात, म्हणजे सगळ्यात जलद लयीत, माझी रेघ मागे पडत होती, म्हणजे खरा आकडा जास्तच असणार. ताईंना आकडा दाखवला तेव्हा त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. पंचवीस वर्षं शिकवतायत, कुणी मोजलं नव्हतं.

साडेचार तासांवरून बारा

मग घड्याळाचा हिशोब मांडला. जूनपर्यंत आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास, म्हणजे साडेचार तास. जुलैपासून परीक्षेसाठी सहा दिवस दीड तास आणि रविवारी तीन, म्हणजे बारा. हा बदल तीन आठवड्यांत झाला होता. कुठलंही शरीर अशी उडी सहज घेत नाही, आणि हे शरीर नुकतंच लांबत होतं. आईने मोबाइलवर एक फोटो दाखवला: स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, प्रत्येकीपुढे तारीख. गुढीपाडव्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत साडेचार सेंटिमीटर. मुलींमध्ये उंची वाढण्याचा वेग साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो, वर्षाला आठेक सेंटिमीटर. ही अगदी त्या चढावर होती.

या काळात हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. मांडीचा पुढचा स्नायू ताठ होतो, पोटरी आखडते, तोल बिघडतो. तिचा उजवा घोटा पुढे फारसा वाकत नव्हता: भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, तेव्हा अंगठा भिंतीपासून जेमतेम ६ सेंटिमीटर दूर जात होता, डावा ९. घोटा अडला की खाली बसायला शरीर तळव्याची कमान पाडून वाट काढतं. एका पायावर टाच उचलायला सांगितलं तर उजव्यावर ९ वेळा उचलली आणि पाय थरथरायला लागला. एका पायरीवरून हळू उतरताना गुडघा दर वेळी आत झुकत होता. पाच वर्षं नाचणाऱ्या मुलीचे हे आकडे.

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. रोज नाचून नाचायला लागणारी ताकद वाढते, हे अर्धंच खरं. क्लासमध्ये थोडं नाचायचं, थांबायचं, दुरुस्ती ऐकायची, पुन्हा सुरू करायचं, असं चालतं. दम त्याने फारसा वाढत नाही. तेच स्नायू त्याच कोनात वापरले जातात, मांडी कामाला येते, नितंबाचे बाजूचे स्नायू आणि पोटरी मागे राहतात. परीक्षा जवळ आली की भार एकदम वाढतो आणि शरीर होतं तिथेच असतं.

रात्रीची भाकरी

शाळेच्या तपासणीत मार्चमध्ये वजन ३६ किलो होतं. सप्टेंबरमध्ये माझ्याकडच्या काट्यावर ३६. ऑगस्टमध्ये ‘वजन घटलेलं नाही’ असं लिहून मी पुढे गेले होते. साडेचार सेंटिमीटर वाढलेल्या मुलीचं वजन तेच राहणं म्हणजे काय, हा विचार तेव्हा केला नाही.

आईला विचारून तिच्याशी एकटीशी बोलले. पोशाखाचं माप देताना गेल्या वर्षीची कंबर बसेना, तेव्हा तिथे कुणीतरी हसत म्हणालं, “जरा कमी खा गं आता.” तेव्हापासून रात्रीची भाकरी बंद. सकाळी चहा-बिस्किटं खाऊन शाळा, दुपारी डबा अर्धा परत, पाचला शिकवणी, साडेसहाला रिकाम्या पोटी क्लास. रात्री भूक नाही म्हणायचं. घरात कुणाला कळलं नव्हतं, कारण ती जेवायला सगळ्यांसोबत बसत होती आणि भात-आमटी चिवडत होती.

खाल्लेली शक्ती खर्चापेक्षा कमी पडत राहिली तर शरीर हाडं, पाळी, वाढ, दुरुस्ती यांवर काटकसर करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेवर स्वतंत्र निवेदन काढलं, आणि ज्या क्षेत्रांत शरीर कसं दिसतं याला महत्त्व आहे तिथल्या मुली त्यात जास्त सापडतात. मी तिला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन १०.४ निघालं, ड जीवनसत्त्व १३. दोन्ही कमी. एवढ्या उन्हाच्या गावात राहून! पण तिचा दिवस बघितला तर ऊन अंगावर पडतं कधी? शाळेची खोली, रिक्षा, शिकवणी, क्लास. औषधं डॉक्टरांनी ठरवली, त्यात मी पडत नाही.

जेवणाचं आईने मनावर घेतलं. साडेपाचला शिकवणीच्या पिशवीत ज्वारीच्या भाकरीचा रोल, आत शेंगाचटणी आणि दही. क्लासहून आल्यावर लगेच अंडी किंवा उसळ. सकाळी चहाच्या आधी नाचणीची आंबील दुधातून. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आणि ताईंनी एक काम केलं, ज्याचं मोल मला औषधापेक्षा कमी वाटत नाही. त्यांनी सगळ्या मुलींच्या आयांना बोलावून सांगितलं, की पोशाख मुलीच्या मापाने शिवायचा, मुलगी पोशाखाच्या मापाने नाही, आणि माप घेताना कुणी शेरा मारायचा नाही.

तेरा आठवडे

परीक्षेचा निर्णय आधी घ्यायचा होता. वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मोजून बोलणारे. म्हणाले, “फी भरलीय मॅडम.” मी काही बोलायच्या आत ताईच म्हणाल्या, “एप्रिलच्या सत्राला बसव. माझीही एक परीक्षा हुकली होती.” मुलगी रडली. मी थांबवलं नाही.

पहिले तीन आठवडे नाच बंद केला नाही, परत साडेचार तासांवर आणला. उड्यांचे अडवू, कुदित्तमेट्टू (चवड्यांवर उडी घेऊन टाचा मारायचे अडवू) आणि पूर्ण बसून करायचे मंडी अडवू बाहेर. बाकीच्या मुली ते करत असताना ही खुर्चीवर बसून हस्तमुद्रा करायची आणि तोंडाने बोल म्हणायची. त्या काळात तिची तालाची समज अशी पक्की झाली की आता ताई तिलाच पुढे बसवतात. घरी भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं, ४५ सेकंद, पाच वेळा. हालचाल नसलेला हा ताण चिडलेल्या कंडऱ्याला सोसतो. कुशीवर झोपून गुडघे उघडणं, कुशीवरचा प्लँक, टाचा उचलणं, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून. तळव्याच्या स्नायूंसाठी जमिनीवर टॉवेल पसरून पायाच्या बोटांनी जवळ ओढायचा. वडील दुसऱ्याच दिवशी कारखान्यातून कोरा टॉवेल घेऊन आले, “हा जाड आहे, चालेल ना?” विचारत. त्या दिवसापासून घरात या व्यायामाला कुणी नावं ठेवली नाहीत.

नियम एकच दिला. व्यायामात किंवा नाचात दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळी ते आधीच्या पातळीवर आलेलं हवं. तीनच्या वर गेलं किंवा सकाळपर्यंत रेंगाळलं तर आदल्या पायरीवर यायचं. ती कॅलेंडरवर रोज आकडा लिहायची.

अरमंडीवरून मात्र ताईंचं आणि माझं वाजलं. मी खडूने नव्या रेषा आखल्या, दोन पावलांत ११० अंश, आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या सरळ वर राहील तेवढंच खाली जायचं. ताई म्हणाल्या, “अरमंडीच दिसली नाही तर भरतनाट्यम उरला कुठे?” प्रश्न रास्त होता. ती आकृती हा या नृत्याचा कणा आहे, आणि ती जपायचा त्यांचा आग्रह मला मान्य आहे. म्हणून आम्ही भांडण थांबवून मोबाइलवर दोन व्हिडिओ काढले, जुन्या कोनात आणि नव्या. जुन्यात पावलं उघडी, पण गुडघे पुढे आलेले, कंबर मागे गेलेली. नव्यात पावलं कमी उघडी, पण गुडघे खरोखर बाजूला आणि पाठ ताठ. ताईंनी दोन्ही दोनदा पाहिले. मग अरमंडीच्या आकृतीबद्दल म्हणाल्या, “हिचं मंडल आता स्वच्छ दिसतंय.” पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक मुलीची खडूची रेघ वेगळी आखली.

चौथ्या आठवड्यापासून पायरीवरून एका पायाने हळू उतरणं, खुर्चीवरून एका पायावर उठणं, पायरीच्या कडेवर टाचा. आरशासमोर, गुडघा आत गेला की थांबायचं. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं सायकल, दमासाठी. दिवाळीत क्लास दोन आठवडे बंद होता; व्यायाम निम्मा झाला, तो मी निम्मा धरूनच चालले होते. नवव्या आठवड्यापासून ठोके वाढवले, उजव्या पायाला एका बैठकीत १५०, मग दर चार-पाच दिवसांनी थोडे जास्त. दहाव्या आठवड्यात एकदा सलग दोन दिवस आकडा चार आला, आम्ही एक पायरी खाली उतरलो, पाचव्या दिवशी पुन्हा वर.

जमिनीचं काय करायचं, यावर बरीच खलबतं झाली. सतरंजी घडी पडून पायात येते. मऊ रबरी चटया काही मुलींनी आणून पाहिल्या, पण त्यांवर अनवाणी पाय चिकटतो आणि वळताना पाऊल अडकून गुडघाच फिरतो, त्या मी लगेच काढायला लावल्या. शेवटी सुताराकडून १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचे आठ बाय चारचे तीन तुकडे आणले, खाली रबराच्या चटया, सांध्यांवर पट्टी. हॉलचा एक कोपरा झाकला गेला. आवाज वेगळा येतो, पोकळ, आणि ताईंना तो आवडत नाही. पण ज्या मुलींना दुखतंय त्या तिथे नाचतात, आणि बाकीच्या मुलीही उड्यांच्या वेळी तिथे पाळीने येतात.

आता

डिसेंबरच्या मध्याला मोजणी केली. उजव्या पायावर टाचा ९ वरून २२. घोटा ६ वरून साडेआठ सेंटिमीटर. पायरी उतरताना गुडघा रेषेत. वजन ३९ किलो. खुबा ४० वरून ४३, म्हणजे जवळपास तिथेच. तो बदलेल अशी अपेक्षाही नव्हती. दुखणं रोजच्या हालचालीत शून्य, दीड तासाच्या क्लासनंतर एक-दोन. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत दोन तास पायी फिरली, पाळण्यात बसली आणि दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवर शून्य लिहिला.

खाणं, तास, जमीन, कोन आणि ताकद, आम्ही सगळंच एकत्र बदललं, शिवाय चौकटीवरच्या रेघाही हळूहळू जवळ यायला लागल्या होत्या. माझं मत विचाराल तर खाणं आणि तास यांनी निम्मं काम केलं, आणि व्यायामाने ते टिकवलं.

प्रवेशिका पूर्ण तिने एप्रिल-मेच्या सत्रात दिली. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात ताईंनी तास साडेचारवरून साडेसहापर्यंतच नेले, दर आठवड्याला अर्धा तास वाढवत. वाटीखालचा उंचवटा आहे, तो राहील. वज्रासनात बसलं की फरशीवर अजून टोचतं, म्हणून तिथे ती वडिलांचा तोच टॉवेल घडी करून घेते. मंडी अडवू तिला अजून दिलेले नाहीत. चौकटीवर सलग तीन महिने नवी रेघ जुनीला चिकटून आली की मग बघू, असं ताईंचं आणि माझं ठरलंय.